अमेरिकेत गांजावर बंदी आणणारे हॅरी ॲन्सलिंगर, आणि त्यांच्याच राज्यात ती उठवण्यावरून पेटलेला वाद

मे २०२५ ची गोष्ट. अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया राज्याच्या प्रतिनिधीगृहात एक विधेयक मतदानाला आलं. २१ वर्षं पूर्ण झालेल्या माणसाला गांजा कायदेशीरपणे विकत घेता यावा आणि तो राज्य सरकारच्या दुकानांतूनच विकला जावा, असं त्यात म्हटलं होतं. बाजूने १०२ मतं पडली, विरोधात १०१. एका मताने विधेयक पास झालं. पण आठवडाभरातच वरच्या सभागृहाच्या म्हणजे सिनेटच्या समितीने ते फेटाळलं आणि विषय पुन्हा लटकला.

समर्थकांचा मुद्दा पैशांचा आहे. शेजारच्या न्यूयॉर्क, न्यू जर्सी, मेरीलँड, डेलावेअर आणि ओहायो या राज्यांत गांजा कायदेशीर झालाय. पेनसिल्व्हेनियातले लोक गाडी काढून तिकडे जातात, खरेदी करतात आणि कर तिकडच्या तिजोरीत भरून येतात. विरोधकांचा मुद्दा पोराबाळांचा आहे. गांजा सहज मिळायला लागला तर तो शाळकरी पोरांच्या हातात पडेल, रस्त्यांवर अपघात वाढतील, व्यसन वाढेल.

या वादाला एक जुना धागा आहे. ज्या माणसाने गांजा अख्ख्या अमेरिकेत बेकायदा करून दाखवला, तो याच पेनसिल्व्हेनियाचा. नाव हॅरी ॲन्सलिंगर. पाच राष्ट्राध्यक्ष आले, चार गेले, पण हे ३२ वर्षं एकाच खुर्चीवर होते. आज अमेरिकेतली राज्यं गांजावर जी चर्चा करतायत, ती चर्चा १९३७ मध्येच व्हायला हवी होती. ती का झाली नाही, हे समजून घ्यायचं तर ॲन्सलिंगर यांची गोष्ट माहिती पाहिजे.

बारा वर्षांचा पोरगा आणि मॉर्फिनची पुडी

हॅरी ॲन्सलिंगर यांचा जन्म २० मे १८९२ चा. गाव आल्टूना. हे पेनसिल्व्हेनिया रेल्वेच्या जिवावर उभं राहिलेलं गाव, जिथे घरटी एक माणूस रेल्वेत असायचा. हॅरीचे वडील स्वित्झर्लंडमधून आलेले, आई जर्मनीतून. वडील आधी न्हावीकाम करायचे, नंतर तेही रेल्वेत लागले.

हॅरी बारा वर्षांचा असताना एक प्रसंग घडला, जो पुढे त्यांनी स्वतःच्या पुस्तकात सांगितला. तो शेजारच्या एका शेतकऱ्याच्या घरी गेला होता. वरच्या मजल्यावरून एका बाईच्या किंकाळ्या ऐकू येत होत्या. थोड्या वेळाने त्या बाईचा नवरा धावत खाली आला आणि त्याने हॅरीला घोडागाडी देऊन गावातल्या औषधाच्या दुकानात पिटाळलं. हॅरी जीव तोडून गेला आणि पुडी घेऊन आला. पुडीतलं औषध दिल्यावर किंकाळ्या थांबल्या. पुडीत मॉर्फिन होतं आणि त्या बाईला त्याचं व्यसन लागलेलं होतं.

हॅरीच्या डोक्यात दोन गोष्टी पक्क्या बसल्या. एक म्हणजे त्या किंकाळ्या. दुसरी म्हणजे बारा वर्षांच्या पोराच्या हातात दुकानदाराने एकही प्रश्न न विचारता मॉर्फिन ठेवलं होतं. त्या काळात अमेरिकेत अफूपासून बनलेली औषधं अशीच खुलेआम मिळायची. केंद्र सरकारचा त्याविरुद्धचा मोठा कायदा आला तो १९१४ मध्ये.

म्हणजे नशेच्या पदार्थांबद्दलचा त्यांचा राग नुसता दिखाऊ नव्हता. त्यामागे खरी भीती होती, आणि पुढची सगळी गोष्ट वाचताना हे लक्षात ठेवावं लागतं.

रेल्वेतून परदेशात, परदेशातून दारूबंदीत

तरुणपणी हॅरीही रेल्वेत लागला. मधल्या काळात पेनसिल्व्हेनिया स्टेट कॉलेजात दोन वर्षांचा अभ्यासक्रम केला. रेल्वेत त्याच्याकडे तपासाचं काम आलं. रेल्वेकडून नुकसानभरपाई मागणाऱ्यांचे दावे खरे की खोटे, हे शोधून काढायचं.

पहिल्या महायुद्धाच्या काळात ॲन्सलिंगर सरकारी नोकरीत शिरले. जर्मन आणि डच भाषा येत असल्यामुळे परराष्ट्र खात्याने त्यांना आधी नेदरलँड्समधल्या हेग शहरात पाठवलं. मग जर्मनीतलं हॅम्बुर्ग, व्हेनेझुएलातलं ला ग्वाइरा आणि १९२६ मध्ये बहामा बेटांवरचं नासाऊ.

नासाऊला त्यांचं नशीब उघडलं. १९२० पासून अमेरिकेत दारूबंदी होती आणि बहामातून बोटीच्या बोटी भरून दारू अमेरिकेत उतरत होती. ॲन्सलिंगर यांनी तिथल्या ब्रिटिश अधिकाऱ्यांशी वाटाघाटी करून जहाजांच्या कागदपत्रांवर नियंत्रण आणलं. वॉशिंग्टनला हे काम आवडलं. त्यांना दारूबंदी खात्यात बोलावून घेतलं आणि १९२९ मध्ये ते सहायक आयुक्त झाले.

दारूबंदी तोवर फसल्यात जमा होती. चोरटी दारू, टोळीयुद्धं, लाचखोर पोलीस, सगळं सुरू होतं. बऱ्याच लोकांनी यातून असा अर्थ काढला की नुसत्या कायद्याने सवयी सुटत नाहीत. ॲन्सलिंगर यांनी उलटा अर्थ काढला. त्यांच्या मते कायदा मऊ होता. दारू विकणाऱ्यालाच नाही, तर विकत घेणाऱ्यालाही तुरुंगात टाका, असा प्रस्ताव त्यांनी १९२० च्या दशकाच्या अखेरीस मांडला होता. तो कुणी मनावर घेतला नाही. पण हीच कल्पना पुढे त्यांनी दुसऱ्या एका गोष्टीवर वापरली.

नवं खातं, छोटं बजेट

१९३० मध्ये अर्थखात्याच्या अखत्यारीत ‘फेडरल ब्युरो ऑफ नार्कोटिक्स’ हे नवं खातं निघालं. अफू, हेरॉइन, कोकेन यांचा बंदोबस्त करणारं. आधी या कामाचे प्रमुख असलेले अधिकारी एका घोटाळ्यात अडकून बाजूला झाले होते. राष्ट्राध्यक्ष हर्बर्ट हूवर यांनी ३८ वर्षांच्या ॲन्सलिंगर यांना आयुक्त केलं.

खातं नवं होतं, हाताशी तीनशेच्या आसपास माणसं होती आणि मंदीचा काळ असल्याने बजेटलाही कात्री लागत होती.

या खात्याच्या यादीत सुरुवातीला गांजा नव्हता. इतकंच काय, पहिली काही वर्षं ॲन्सलिंगर यांना गांजाच्या फंदात पडायचंच नव्हतं. हे झाड रस्त्याच्या कडेला, रानात, कुठेही उगवतं. तीनशे माणसांनी ते उपटायचं कुठे कुठे? त्यांच्या दृष्टीने हा राज्यांचा विषय होता.

आणि राज्यांनी आपापले कायदे आधीच केले होते. कॅलिफोर्नियाने १९१३ मध्ये, युटाने १९१५ मध्ये आणि टेक्ससने १९१९ मध्ये बंदी आणली होती. १९३१ पर्यंत २९ राज्यांत गांजाविरोधी कायदे होते. १९३२ मध्ये सगळ्या राज्यांसाठी अमली पदार्थांच्या कायद्याचा एक सारखा नमुना तयार झाला, त्यात गांजाचं कलम ऐच्छिक ठेवलं होतं. राज्याला हवं तर घ्या, नको तर सोडा.

थोडक्यात, राज्याने गांजाचं काय करायचं हा प्रश्न तेव्हाही राज्यांच्याच हातात होता.

कात्रणांची फाइल

मग चित्र पालटलं. दक्षिण आणि नैर्ऋत्येकडच्या राज्यांत मेक्सिकोतून आलेल्या मजुरांबद्दल रोष वाढत होता. मंदीत कामं नव्हती आणि हे मजूर गांजा ओढतात, मग गुन्हे करतात, अशी हाकाटी सुरू होती. तिथले अधिकारी आणि राजकारणी वॉशिंग्टनकडे केंद्राच्या कायद्याची मागणी करू लागले. खात्यालाही आपलं महत्त्व दाखवायला एक विषय हवाच होता. १९३४-३५ च्या सुमारास ॲन्सलिंगर यांनी पवित्रा बदलला.

त्यांनी गांजाशी जोडलेल्या भयंकर गुन्ह्यांच्या बातम्या आणि पोलिसांचे अहवाल गोळा करायला सुरुवात केली. या संग्रहाला अभ्यासक आज रक्तरंजित फाइल म्हणून ओळखतात. खून, बलात्कार, वेड, आत्महत्या, आणि प्रत्येक गोष्टीचा शेवट एकच: त्याने गांजा ओढला होता.

फाइलमधलं सगळ्यात गाजलेलं प्रकरण फ्लोरिडातल्या टँपा शहरातलं. ऑक्टोबर १९३३ मध्ये तिथे एका तरुणाने आईवडील, दोन भाऊ आणि बहीण यांना कुऱ्हाडीने मारलं. ॲन्सलिंगर यांनी ही गोष्ट लेखांत, भाषणांत आणि संसदेत वारंवार वापरली. पण त्या तरुणाला तपासणाऱ्या मानसोपचारतज्ज्ञांनी त्याला गंभीर मानसिक आजार असल्याचं नोंदवलं होतं. घराण्यातही तसा इतिहास होता. खुनांच्या आधीच टँपाच्या पोलिसांनी त्याला वेड्यांच्या इस्पितळात ठेवण्यासाठी अर्ज केला होता. हा भाग सांगितला जात नव्हता.

जुलै १९३७ मध्ये ‘अमेरिकन मॅगझीन’मध्ये ॲन्सलिंगर यांच्या नावाने गांजाला तरुण पिढीचा मारेकरी ठरवणारा लेख छापून आला. त्याची सुरुवातही एका तरुण मुलीच्या मृत्यूपासून होते. घराघरांत हा लेख वाचला गेला.

या प्रचारात वंशभेदही भरपूर होता. १९३४ मध्ये ॲन्सलिंगर यांनी खात्याच्या एका परिपत्रकात एका कृष्णवर्णीय खबऱ्याचा उल्लेख अत्यंत अपमानास्पद शब्दाने केला. त्यावर त्यांच्याच राज्यातले सिनेटर जोसेफ गफी यांनी त्यांना पदावरून काढण्याची मागणी केली. नोकरी वाचली, पण हा डाग पुसला गेला नाही.

थेट बंदी नाही, मग कर लावा

आता एक अडचण होती. अमेरिकेच्या राज्यघटनेनुसार अशा गोष्टीवर थेट बंदी घालण्याचा अधिकार केंद्राकडे आहे की नाही, याबद्दल सरकारी वकिलांना शंका होती. म्हणून अर्थखात्याने आडवाट काढली. बंदी घालायची नाही, कर लावायचा.

१९३४ मध्ये मशीनगनसारख्या हत्यारांवर असाच कर लावला होता. मार्च १९३७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो वैध ठरवला आणि पुढच्याच महिन्यात गांजाच्या कराचं विधेयक संसदेत आलं.

कराचे आकडे बघा. डॉक्टरने वर्षाला १ डॉलर भरून नोंदणी करायची. नोंदणी असलेल्याला गांजा दिला तर एका औंसावर म्हणजे साधारण २८ ग्रॅमवर १ डॉलर कर. नोंदणी नसलेल्याला दिला तर त्याच औंसावर १०० डॉलर. मंदीच्या काळातले १०० डॉलर! हा कर वसुलीसाठी नव्हताच, कुणी भरूच नये यासाठी होता. आणि न भरल्यास तुरुंगवास.

विधेयकाला विरोध कुणी केला? पक्ष्यांचं खाद्य विकणाऱ्यांनी. या झाडाचं बी पाळीव पक्ष्यांना घातलं जायचं. त्यांचं म्हणणं ऐकून घेतलं गेलं आणि उगवणार नाही अशी प्रक्रिया केलेल्या बियांना सूट मिळाली.

एका डॉक्टरांनी विचारलेला प्रश्न

दुसरा विरोध मात्र कुणी ऐकून घेतला नाही. तो होता डॉ. विल्यम वुडवर्ड यांचा. ते डॉक्टरही होते आणि वकीलही. अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या वतीने ते ४ मे १९३७ रोजी संसदीय समितीसमोर आले.

वुडवर्ड गांजाची भलामण करायला आले नव्हते. त्यांचा प्रश्न पुराव्याचा होता. गांजामुळे गुन्हे वाढतायत असं म्हणता, मग तुरुंग खात्याकडची आकडेवारी कुठे आहे? शाळकरी पोरं ओढतायत म्हणता, मग मुलांसाठी काम करणाऱ्या सरकारी खात्याला विचारलं का? व्यसन वाढलंय म्हणता, मग सार्वजनिक आरोग्य सेवेचा एकही तज्ज्ञ साक्षीला का नाही? या सगळ्या यंत्रणा सरकारच्याच होत्या आणि एकीचीही माहिती समितीसमोर नव्हती. होती ती वर्तमानपत्रांची कात्रणं.

त्यांनी आणखी एक गोष्ट दाखवून दिली. विधेयकात मारिहुआना हा मेक्सिकोकडून आलेला बोलीतला शब्द वापरला होता. डॉक्टर आणि औषधवाले या वनस्पतीला कॅनाबिस म्हणून ओळखत होते आणि तिचा अर्क औषधांत वापरत होते. ज्या मारिहुआनावर कर येतोय ते आपलं कॅनाबिसच आहे, हे डॉक्टरांच्या संघटनेला अगदी शेवटी कळलं. विधेयकाची तयारी मात्र दोन वर्षं आतल्या आत सुरू होती.

समितीच्या सदस्यांनी उत्तर देण्याऐवजी वुडवर्ड यांचीच उलटतपासणी घेतली. विधेयक सभागृहात आलं तेव्हा चर्चा काही मिनिटांतच आटोपली. डॉक्टरांच्या संघटनेचं याला समर्थन आहे का, असं एका सदस्याने विचारलं, तर समितीतल्या फ्रेड व्हिन्सन यांनी पूर्ण समर्थन असल्याचं सांगितलं. हे धडधडीत खोटं होतं. हेच व्हिन्सन पुढे देशाचे सरन्यायाधीश झाले.

२ ऑगस्ट १९३७ रोजी राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी सही केली. १ ऑक्टोबरला कायदा लागू झाला आणि त्याच महिन्यात कोलोरॅडो राज्यातल्या डेन्वर शहरात पहिल्या शिक्षा झाल्या. एकाला विक्रीसाठी चार वर्षं, दुसऱ्याला बाळगल्याबद्दल दीड वर्ष. पाच वर्षांत, १९४२ मध्ये, अमेरिकेच्या अधिकृत औषधसूचीतून कॅनाबिस बाहेर पडलं.

न्यूयॉर्कच्या महापौरांनी उत्तर शोधलं, पण...

वुडवर्ड यांच्या प्रश्नांवर काम केलं ते न्यूयॉर्कचे महापौर फिओरेलो ला गार्डिया यांनी. त्यांनी न्यूयॉर्क ॲकॅडमी ऑफ मेडिसिनला सांगून डॉक्टर, मानसशास्त्रज्ञ, औषधतज्ज्ञ यांची समिती नेमली. समितीने शहरात फिरून पाहणी केली, स्वयंसेवकांवर प्रयोग केले. १९४४ मध्ये अहवाल आला. गांजामुळे मोठे गुन्हे घडतात किंवा तो ओढणारा पुढे हेरॉइनकडे वळतो, याला समितीला आधार सापडला नाही.

ॲन्सलिंगर यांनी या अहवालावर जाहीर तोफ डागली. जी मेडिकल असोसिएशन १९३७ मध्ये पुरावा मागत होती, तिच्याच नियतकालिकाने १९४५ च्या संपादकीयात अहवालाची खिल्ली उडवली. अहवाल कपाटात गेला.

मग आली सगळ्यात मोठी कोलांटउडी. गांजा ओढणारा पुढे हेरॉइनकडे जातो का, असं १९३७ मध्ये संसदेत विचारलं होतं तेव्हा ॲन्सलिंगर यांनी नाही असं उत्तर दिलं होतं. १९५१ पर्यंत गांजामुळे माणूस खुनी होतो हे कुणाला पटेनासं झालं होतं. तेव्हा त्यांनी नवं कारण पुढे केलं: गांजा ही हेरॉइनकडे जाणारी पायरी आहे. त्या वर्षीच्या बॉग्ज कायद्याने पहिल्याच गुन्ह्याला किमान दोन वर्षांची सक्तीची शिक्षा ठरवली. १९५६ मध्ये ती आणखी कडक झाली आणि निव्वळ गांजा बाळगण्यालाही दोन ते दहा वर्षं लागू शकत होती. दारूबंदीच्या काळात मागे पडलेली कल्पना, म्हणजे वापरणाऱ्यालाच आत टाकायचं, शेवटी कायद्यात आली.

मग ॲन्सलिंगर फक्त खलनायक होते का?

नाही. वैद्यकीय गरजेपुरतीच अफूची औषधं बनावीत यासाठीच्या १९३१ च्या आंतरराष्ट्रीय कराराला त्यांनी हातभार लावला. दुसरं महायुद्ध येणार हे ओळखून जखमींसाठी लागणाऱ्या अफूचा साठा आधीच करून ठेवला. माफिया नावाचं संघटित जाळं अमेरिकेत आहे, हे एफबीआयचे प्रमुख मानायला तयार नसताना ते ठामपणे सांगत होते.

त्यांच्याबद्दलच्या सगळ्याच कथा खऱ्या आहेत असंही नाही. कागद आणि नायलॉनच्या धंद्यातल्या बड्या उद्योगपतींनी दोरखंडासाठी पिकणारं हेम्प संपवावं म्हणून हा कायदा करून घेतला, ही कहाणी इंटरनेटवर जोरात फिरते. इतिहासकारांना त्याला ठोस आधार सापडलेला नाही. त्यांच्या नावावर खपवलेली अनेक वाक्यंही अशीच आगापिछा नसलेली आहेत. आधी निष्कर्ष ठरवून मग गोष्टी गोळा करणं ही सवय फक्त बंदीवाल्यांची नाही.

आणि एक विरोधाभास. अमेरिकेच्या संसदेतल्या एका बड्या नेत्याला मॉर्फिनचं व्यसन होतं. ॲन्सलिंगर यांनी त्यांना अटक केली नाही, उलट गुपचूप मॉर्फिन मिळत राहील अशी सोय केली. हे त्यांनी स्वतःच लिहून ठेवलंय, नाव न देता. ते नेते म्हणजे सिनेटर जोसेफ मॅकार्थी, असं अनेक अभ्यासक मानतात. व्यसनी माणसाला वेळप्रसंगी तुरुंगापेक्षा डॉक्टरची गरज असते, हे त्यांनाही कळत होतं. पण ही सवलत त्यांनी ज्याच्यामागे सत्ता होती त्याला दिली.

यात भारत कुठे येतो?

वुडवर्ड यांच्या ४३ वर्षं आधी हाच प्रश्न भारतात विचारला गेला होता. गांजामुळे भारतातली वेड्यांची इस्पितळं भरतायत, असा आरोप ब्रिटिश संसदेत झाला. त्यावर १८९३ मध्ये सरकारने इंडियन हेम्प ड्रग्ज कमिशन नेमलं. कमिशनने मुंबई इलाख्यासह देशभरातून १,१९३ साक्षीदारांचं म्हणणं नोंदवलं. इस्पितळांच्या नोंदवह्याही उघडून बघितल्या. तेव्हा लक्षात आलं की रुग्णाबद्दल काही माहिती नसली की वेडाचं कारण म्हणून कारकून सर्रास गांजा लिहून टाकत होते. एकेक केस तपासल्यावर गांजाच्या नावावर टाकलेल्या केसेस निम्म्याहून कमी उरल्या. १८९४ च्या अहवालाने अतिसेवन घातक असल्याचं मान्य केलं, पण सरसकट बंदीची गरज नाही, परवाने आणि कर लावून नियंत्रण ठेवा, असं सुचवलं.

१९६१ मध्ये संयुक्त राष्ट्रांचा अमली पदार्थांवरचा करार झाला आणि त्यात गांजा सर्वात कडक याद्यांमध्ये गेला. ॲन्सलिंगर हे तेव्हा संयुक्त राष्ट्रांत अमेरिकेची बाजू मांडत होते. खरं तर अफूच्या बाबतीत हा करार ढिला आहे म्हणून ते त्यावर नाराज होते. भारतासारख्या देशांसाठी यात दोन वाटा ठेवल्या गेल्या. गांजा म्हणजे झाडाचा फुलोरा, नुसती पानं आणि बिया नव्हेत, अशी व्याख्या झाली. म्हणूनच पानांची भांग आजही आपल्याकडे काही राज्यांत सरकारमान्य दुकानांत मिळते. दुसरी वाट म्हणजे जुना वापर बंद करायला २५ वर्षांची मुदत.

ती मुदत संपायच्या आत भारताने १९८५ चा एनडीपीएस कायदा केला. तो १४ नोव्हेंबर १९८५ रोजी लागू झाला. योगायोग असा की त्याच्या बरोबर दहा वर्षं आधी, १४ नोव्हेंबर १९७५ रोजी, ॲन्सलिंगर यांचं वयाच्या ८३ व्या वर्षी पेनसिल्व्हेनियात निधन झालं होतं.

डोळ्यांदेखत भिंत ढासळली

१९६२ मध्ये सत्तरी गाठल्यावर ते आयुक्तपदावरून निवृत्त झाले आणि आल्टूनाजवळच्या हॉलिडेजबर्गला राहिले. तिथे बसून त्यांनी बरंच काही पाहिलं. १९६९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांचा १९३७ चा करकायदा घटनाबाह्य ठरवला. १९७० मध्ये त्याची जागा नव्या, थेट बंदीच्या कायद्याने घेतली.

१९७२ मध्ये राष्ट्राध्यक्ष निक्सन यांच्या काळात नेमलेल्या आयोगाने, थोडासा गांजा स्वतःजवळ बाळगणं हा गुन्हा मानू नये, अशी शिफारस केली. आयोगाचे अध्यक्ष होते रेमंड शेफर, पेनसिल्व्हेनियाचेच माजी गव्हर्नर. निक्सन यांनी शिफारस धुडकावली. पण १९७३ मध्ये ओरेगन राज्याने ती आपल्यापुरती अमलात आणली. राज्यं पुन्हा स्वतःचा निर्णय घेऊ लागली होती.

पुढचा प्रवास तुम्हाला माहिती असेल. १९९६ मध्ये कॅलिफोर्नियाने औषधी वापराला परवानगी दिली. २०१२ मध्ये वॉशिंग्टन आणि कोलोरॅडोने, म्हणजे पहिल्या शिक्षा जिथे झाल्या त्याच राज्याने, प्रौढांसाठी गांजा कायदेशीर केला. २०२३ मध्ये ओहायो हे असं करणारं २४ वं राज्य ठरलं. २०२४ मध्ये फ्लोरिडात मात्र निम्म्याहून जास्त मतदार बाजूने असूनही ६० टक्क्यांची अट गाठता आली नाही. केंद्राच्या कायद्याने खुली विक्री आजही बेकायदाच आहे.

मग राज्याने नेमकं काय करावं?

बंदीची किंमत मोजली गेली आहे. अमेरिकन सिव्हिल लिबर्टीज युनियन या संस्थेच्या अभ्यासानुसार, गांजाचा वापर साधारण सारखाच असताना कृष्णवर्णीयांना गांजा बाळगल्याबद्दल अटक होण्याचं प्रमाण गोऱ्यांच्या साडेतीन पटींहून जास्त होतं. ज्या वंशभेदाने कायद्याची सुरुवात झाली, तो अंमलबजावणीतही उतरला.

पण बंदी चुकीच्या पुराव्यावर उभी होती म्हणून गांजा निरुपद्रवी ठरत नाही. अमेरिकेत जप्त होणाऱ्या गांजातलं टीएचसी, म्हणजे नशा आणणारं रसायन, १९९५ मध्ये सरासरी ४ टक्के होतं, ते २०२१ पर्यंत १५ टक्क्यांवर गेलं. किशोरवयात रोजचं, तीव्र सेवन आणि मनोविकार यांचा संबंध अनेक अभ्यासांत दिसलाय. आज विकला जाणारा माल ला गार्डिया समितीने तपासलेला गांजा नाही. त्यामुळे १९४४ चा अहवाल हातात धरून आज कायदा करणं हीसुद्धा एक प्रकारे जुनी कात्रणं दाखवण्याचीच गोष्ट होईल.

पेनसिल्व्हेनियाच्या बाबतीत मधली वाट शोधायला फार लांब जायची गरज नाही. दारूबंदी उठली तेव्हा, १९३३ मध्ये, या राज्याने दारू खुली सोडली नाही. सरकारी दुकानं काढली आणि ती आजही चालू आहेत. २०२५ च्या विधेयकातली कल्पना तिथूनच आलेली. ती चांगली की वाईट यावर मतभेद असू शकतात.

हा प्रश्न आपल्यापासूनही लांब नाही. एनडीपीएस कायद्यानुसार औषधी आणि औद्योगिक कामासाठी लागवडीला परवानगी देण्याचा अधिकार राज्यांना आहे. उत्तराखंडने २०१८ पासून हेम्पच्या लागवडीला परवाने द्यायला सुरुवात केली, हिमाचल प्रदेशातही त्या दिशेने पावलं पडतायत. २०२० मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आयोगाने २७ विरुद्ध २५ मतांनी गांजाला सर्वात धोकादायक पदार्थांच्या यादीतून काढलं, तेव्हा भारताचं मत काढण्याच्या बाजूने होतं.

उद्या कुठल्याही विधानसभेत यावर चर्चा झाली, तर बंदी हवी म्हणणाऱ्यांनी आणि नको म्हणणाऱ्यांनी डॉ. वुडवर्ड यांचे प्रश्न समोर ठेवायला हवेत. तुरुंगाचे आकडे काय सांगतात, इस्पितळांचे काय, शाळांचे काय, आणि ते कुणी, कसे गोळा केले? १९३७ मध्ये हे विचारणाऱ्या माणसाला गप्प बसवलं गेलं आणि त्याची किंमत पुढची कित्येक वर्षं तुरुंगात गेलेल्या लाखो लोकांनी मोजली.